स्वयंप्रतिकारक आंत्रविकार

स्वयंप्रतिकारक आंत्रविकार हा लहान आतड्याचा दुर्मीळ आजार आहे. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. अन्नरस शोषणारे सूक्ष्म रसांकुर त्यामुळे झिजतात. दीर्घकाळ जुलाब, वजन घटणे व कुपोषण ही त्याची लक्षणे होत. तो सिलिॲक आजाराशी मिळताजुळता आहे. मात्र ग्लूटेन वर्ज्य करूनही त्यात सुधारणा होत नाही.

स्वरूप

१९८५ साली अनस्वर्थ व वॉकर-स्मिथ यांनी लहान मुलांमधील या आजाराचे निकष मांडले. प्रौढांसाठीचे निकष २००७ साली प्रसिद्ध झाले. बालकांमध्ये तो फॉक्सपी३ जनुकातील दोषामुळे होणाऱ्या आयपेक्स या आनुवंशिक विकाराचा भाग असू शकतो.

निदान

एकाच चाचणीने निदान होत नाही. सिलिॲक आजारात रक्तात टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडे बहुधा आढळतात. एचएलए-डीक्यू२ व डीक्यू८ हे दोन्ही जनुकप्रकार नसल्यास सिलिॲक आजाराची शक्यता जवळपास संपते. स्वयंप्रतिकारक विकारात बायॉप्सीमध्ये अस्तरातील ग्रंथींच्या पेशी मोठ्या प्रमाणात मरताना दिसतात आणि काही रुग्णांत गॉब्लेट व पॅनेथ पेशी नाहीशा झालेल्या असतात. आंत्रपेशीविरोधी प्रतिपिंडे निदानास पुष्टी देतात. परंतु ती नसली तरी आजार नाकारता येत नाही.

उष्णकटिबंधीय स्प्रू, जिआर्डियाचा संसर्ग, आतड्याचा क्षयरोग, प्रतिकारशक्तीची जन्मजात कमतरता आणि रक्तदाबावरील ओल्मेसार्टन हे औषध यांमुळेही रसांकुर झिजू शकतात. म्हणून ही कारणे आधी वगळावी लागतात.

भारतातील संदर्भ

२०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सिलिॲक आजाराशी संबंधित प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. या प्रदेशांतील गव्हाच्या सेवनात मोठी तफावत होती. कोकण किनाऱ्यावर, उदाहरणार्थ रायगड जिल्ह्यातील दिघी परिसरात, भात हे मुख्य अन्न आहे. आहारात गहू अत्यल्प असल्यास किंवा तपासणीपूर्वीच बंद केल्यास सिलिॲक आजाराच्या चाचण्या चुकीने नकारात्मक येऊ शकतात. त्यामुळे रुग्णाच्या आहाराची नोंद निदानात महत्त्वाची ठरते.

उपचार

स्टेरॉइड व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वापरली जातात. तीव्र अवस्थेत शिरेवाटे पोषण द्यावे लागते. स्टेरॉइडमुळे सुप्त क्षयरोग बळावू शकतो, म्हणून भारतात उपचारापूर्वी क्षयरोगाची तपासणी आवश्यक मानली जाते. चुकीचे निदान झाल्यास रुग्ण विनाकारण आयुष्यभर पथ्य पाळतो आणि योग्य उपचारांना विलंब होतो.