ठळक केलेला तुकडा : शब्दसूचीपासून शोधयंत्रापर्यंत

शोधयंत्रात शब्द टाकला की प्रत्येक उत्तराखाली दोनेक ओळींचा तुकडा येतो आणि त्यात आपला शब्द ठळक केलेला असतो. हे तुकडे कुणी माणूस बसून निवडत नाही, प्रोग्रॅम आयत्या वेळी काढतो. आज आपण या तुकड्याचा इतिहास बघणार आहोत, आणि तो संगणकाच्या बराच आधी सुरू होतो.

तेराव्या शतकात पॅरिसच्या डॉमिनिकन मठात ह्यू ऑफ सेंट-शेर यांच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलची शब्दसूची झाली. शब्द, पुढे ग्रंथाचं नाव, अध्याय, आणि अध्यायाच्या सात भागांपैकी कोणता ते अक्षर. बस्स. शेजारी काय लिहिलंय ते नाही, म्हणजे प्रत्येक जागा उघडून बघा! पुढच्या सूचीत भोवतालचा मजकूर भरला, तर ती हाताळता येईना इतकी फुगली. तिसऱ्या खेपेस मोजक्या शब्दांवर भागवलं. किती संदर्भ दिला म्हणजे पान उघडायचं की नाही ते वाचकाला ठरवता येईल, हा प्रश्न तिथेच मांडला गेला. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांच्या परिचयाचा नमुना म्हणजे कर्नल जेकब यांचा उपनिषद्वाक्यकोश, 1891 साली मुंबईत निघालेला. त्यातही शब्दाखाली वाक्याचे तुकडेच आहेत.

1958 साली आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी यंत्राकडून गोषवारा काढण्याची रीत मांडली. अगदी सामान्य शब्द वगळायचे, वारंवार येणारे मोजायचे, ते जिथे दाटीने आलेत ती वाक्यं उचलायची. आपल्याकडे ग्रंथाचं तात्पर्य ठरवायला सहा लिंगं सांगितली आहेत : उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती. यातला अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. लून यांनी मुख्यतः तेवढं एकच घेतलं, कारण यंत्राला मोजायला सोपं तेच. आम्हाला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. एका लिंगावर त्यांनी बरीच मजल मारली.

पण तो गोषवारा लेखाचा होता, विचारणाऱ्यासाठी नव्हता. 1998 साली टोम्ब्रोस आणि सँडरसन यांनी प्रयोग करून दाखवलं की विचारलेल्या शब्दांकडे झुकलेला गोषवारा दिला, तर वाचक कामाचे लेख लवकर आणि जास्त अचूक ओळखतो. गूगल कंपनीही त्याच वर्षीची.

आता हे यंत्र करतं कसं? डग कटिंग यांनी सुरू केलेली ल्यूसीन ही खुली प्रणाली घ्या. मजकुराचे साधारण 100 अक्षरांचे तुकडे पाडायचे, शोधलेले शब्द ज्यात जास्त त्याला जास्त गुण, सर्वांत वरचे दाखवायचे आणि शब्दाभोवती ठळकपणाची खूण घालायची. मराठीत लगेच दोन अडचणी. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्यात’ ठळक होत नाही, मूळ शब्द ओळखायची सोय वेगळी करावी लागते. दुसरी जास्त गंभीर : आपलं ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं. शंभराव्या अक्षराला कात्री लागली की ‘हे औषध गरोदर बाईला देता येत नाही’ यातलं काय उरेल, बघा.

यावर उपाय झाला. नंतरचे ठळककार वाक्याची सीमा बघून कापतात. (ठळककार हा शब्द आमचाच, चालवून घ्या.) पण आमच्या विषयात तेवढ्यानेही भागत नाही. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात शंकराचार्य विज्ञानवादी बौद्धांचा पूर्वपक्ष आधी सविस्तर मांडतात : बाह्य वस्तू नसूनही स्वप्नात ज्ञान होतं, तसंच जागेपणीही. खंडन त्यानंतर येतं. ‘शंकराचार्य स्वप्न’ असं शोधणाऱ्याला यातलं एक अख्खं, निर्दोष वाक्य मिळू शकतं, वर आचार्यांचं नाव, मधे ‘स्वप्न’ ठळक. अन् ते मत आचार्यांचं नाहीच, त्यांनी खोडलेलं आहे. पूर्वपक्ष कुठे संपतो हे कुठल्याच विरामचिन्हाने कळत नाही. भाष्य शिकताना विद्यार्थ्याचं पहिलं वर्ष निम्मं त्यातच जातं.