जोगलटेंभीचा ठेवा आणि गुलशनाबादचा रुपया

काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलीने रुमालात बांधून आणलेले एक काळवंडलेले नाणे माझ्या टेबलावर ठेवले. ते तिच्या दादीच्या पेटीत होते. घरच्यांचा ते मोडून पैंजण करण्याचा विचार होता आणि सराफाने वजनावर भावही सांगितला होता. मी नाणे खिडकीपाशी नेले. अर्धी अक्षरे कडेबाहेर गेली होती, पण एक शब्द स्पष्ट होता. “कोण वाचेल?” म्हणताच अर्धा वर्ग उभा राहिला. “जुलूस, सर!”

इथे जुलूस म्हणजे मिरवणूक नव्हे. बादशहा गादीवर आल्यापासून मोजलेले ते वर्ष. नाणे शाह आलमच्या नावाचा रुपया होते. त्या दिवशी नेमलेला धडा बाजूला राहिला आणि मी मुलांना जोगलटेंभीची हकीकत सांगितली.

जोगलटेंभी हे आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातले गाव. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा प्रचंड ठेवा सापडला. १३,००० हून अधिक नाणी! रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून १९०८ साली त्यांवर लेख प्रसिद्ध केला. सगळी नाणी क्षहरात घराण्यातील क्षत्रप नहपान याची होती. वजन जेमतेम दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला राजाचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. खरोष्ठी ही उर्दूसारखीच उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. तिचे मूळ आरामी लिपीत मानतात, आणि अरबी लिपीचा वंशही आरामीकडेच जातो. म्हणजे आपल्या लिपीची एक लांबची बहीण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकच्या बाजारात फिरत होती.

नाण्यावर ग्रीक अक्षरे आणि रोमन धर्तीचा चेहरा कशासाठी? उत्तर व्यापारात आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी ग्रंथात भडोच बंदराचे वर्णन आहे. रोमन सोन्या-चांदीची नाणी तिथे देशी नाण्यांशी बदलली तर नफा होतो, असे त्यात नमूद आहे. नहपानाच्या नाण्यांची चांदी रोमन दिनारी वितळवून मिळाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. हाच रोमन ‘देनारियस’ पुढे संस्कृतात आणि अरबीत ‘दिनार’ झाला. ग्रीक ‘द्राख्मा’पासून अरबीचा ‘दिरहम’ आला आणि मराठीचा ‘दाम’ही.

पांडवलेण्यांत याच पैशाचा हिशेब कोरलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले. त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर पाऊण टक्का व्याज ठरले. त्यातून भिक्षूंची वस्त्रे आणि इतर खर्च भागायचा. तिथेच ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, हा दरही दिलेला आहे. म्हणजे एका सुवर्णाला ३५ कार्षापण.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे त्याच्या आईचा लेख सांगतो. पण जोगलटेंभीतील ९,००० हून अधिक नाण्यांवर त्याने फक्त आपला ठसा मारला. एवढी चांदी वितळवून नव्याने पाडण्यापेक्षा ते सोपे होते. त्याच्या टेकडीच्या आणि उज्जैनी चिन्हांखालून नहपानाचे नाक, कान, ग्रीक अक्षरे आजही डोकावतात. शिलालेख म्हणतो, पुसून टाकले; नाणे म्हणते, पुसले गेले नाही.

अठराव्या शतकातही असेच घडले. पेशवाईत नाशिकच्या टाकसाळीत पडणाऱ्या रुपयावर लिपी फारसी, नाव शाह आलमचे, गाव ‘गुलशनाबाद’ आणि खूण मात्र जरीपटक्याची! सत्ता मराठ्यांची होती, पण बाजाराचा विश्वास जुन्या नावावर होता. कोणालाही त्यात कमीपणा वाटला नाही.

आज हा इतिहास मुशीत चालला आहे. मीही निर्दोष नाही. विद्यार्थिदशेत एक जुने नाणे मी चिंचेने घासून लख्ख केले आणि त्याची उरलीसुरली अक्षरे घालवली. म्हणून आता सांगतो, नाणे घासू नका, मोडू नका. जमिनीत ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ चा कायदाच तसे सांगतो. घरात जुने नाणे असेल तर जाणकाराला दाखवा. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, नाण्यांचे संग्रहालय आहे. मुलांना तिथे घेऊन जा.

त्या मुलीच्या दादीने पैंजणाचा विचार सोडला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, “सर, दादी म्हणते, वाचता येतं ते मोडायचं नसतं.”