रोझीचं रीळ

मला जुन्या पिक्चरचा नाद आहे. जुन्या तबकड्यांचाही. रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो की भंगाराच्या ढिगात फाटक्या कव्हरातल्या तबकड्या हुडकत बसतो. चळवळीतले दोस्त हसतात. म्हणतात, तिकडं गायरानाच्या केसेस चालू आहेत आणि तू गाणी कसली हुडकतोस, हे बामणी चोचले तुला कुठून लागले? आजवर हसण्यावारी नेलं. आता उत्तर देतो. उत्तर केरळातलं आहे, गवत कापून पोट भरणाऱ्या एका पुलया जातीच्या बाईचं आहे.

आधी मालाची जात समजून घ्या. जुन्या काळात सिनेमाची फिल्म नायट्रेटची असायची. ती एकदा पेटली की पाण्यात बुडवली तरी विझत नाही. नुसती ठेवली तरी दमट हवेत चिकटते, शेवटी तिचा भुगा होतो. वर तिच्यात चांदी. पिक्चर उतरला की रिळं चांदी काढणाऱ्याला विकायची, हा सरळ धंदा होता. आपल्या देशात हजाराच्या वर मूकपट निघाले. उरले तीसच्या आतबाहेर, त्यातही कितीतरी नुसते तुकडे. जे उरलं ते कुणाला तरी नाद होता म्हणून. १९६४ ला पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालं, ते पी. के. नायर ह्या तिरुवनंतपुरमच्या माणसानं उभं केलं. फाळक्यांची रिळं त्यानं हुडकून आणली म्हणून आज आपण ती बघतो. माणूस लाखमोलाचा. फक्त त्याचं गाव लक्षात ठेवा.

फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मधे, १९१३ ला, तारामती झाला होता अण्णा साळुंके. हॉटेलात काम करणारा पुरुष. बाई मिळेना. त्याच वर्षी पुढच्या पिक्चरला बाया आल्या खऱ्या, पण तरी बाईनं कॅमेऱ्यापुढं उभं राहणं म्हंजे अब्रू घालवणं, हे घराघरातलं मत पुढं कैक वर्षं हललं नाही.

आता तिरुवनंतपुरम. जे. सी. डॅनियल नावाच्या नाडार ख्रिस्ती माणसानं जमीन विकून मल्याळी मुलखातला पहिला पिक्चर काढला, 'विगतकुमारन'. म्हंजे हरवलेला मुलगा. काही जण त्याचं साल १९२८ सांगतात, काही १९३०. त्याची हिरॉईन पी. के. रोझी. मूळ नाव राजम्मा. काक्करिशी नाटकात, म्हंजे तिकडच्या लोकनाट्यात, काम करायची. आणि पिक्चरमधे तिला भूमिका कुठली? सरोजिनी नावाच्या नायर बाईची!

हे काय होतं ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. महाडला आपण तळ्याचं पाणी प्यालो ते १९२७ साली. त्रावणकोरात देवळांची दारं उघडली १९३६ ला. त्या दोहोंच्या मधे कधीतरी एका पुलया बाईनं पडद्यावर वरच्या जातीचं लुगडं नेसलं. कॅपिटॉल थिएटरात पहिला खेळ. तिला स्वतःचं काम बघायला आत येऊ दिलं नाही असं सांगतात. पडद्यावर हिरोनं तिच्या केसातल्या फुलाचा मुका घेतला तसा थिएटरात दंगा उसळला. दगड आले, पडदा फाटला. तिचं घर जाळलं म्हणतात. ती एका लॉरी ड्रायव्हरबरोबर निघून गेली, नागरकोइलला. तिथं राजम्माळ झाली. संसार केला. पडद्यावर नायर झाली म्हणून मारायला धावले. पुढं ज्या माणसाशी लग्न केलं तो नायरच, आणि त्या घरात जगायचं तर जुनं सगळं गिळून बसायचं.

डॅनियल कर्जात बुडाला, दातांचा डॉक्टर झाला, १९७५ ला गेला. रीळ? त्याच्या धाकट्या मुलानंच पुढं सांगितलं की लहानपणी खेळता खेळता आपण ते पेटवलं, निळसर ज्वाळा बघायला मजा वाटायची. पोराला काय कळतंय. त्याला दोष देत नाही. ज्या पिक्चरची किंमत गावानं दगडांनी केली, तो घरात अडगळच.

आता दुसरी बाजू बघा. त्याच गावातला दुसरा पिक्चर 'मार्तंड वर्मा', १९३३ चा, राजघराण्याच्या गोष्टीचा. ज्या कादंबरीवरून काढला तिच्या हक्कावरून कोर्टकज्जा झाला आणि प्रिंट पुस्तकवाल्याच्या ताब्यात कुलपात पडली. १९७४ ला नायरनी ती पुण्याला आणली. राजाचा पिक्चर कोर्टाच्या भांडणानं वाचला! रोझीचा वाचवायला साधा खटलासुद्धा नव्हता. आपल्या माणसांच्या वस्तूवर कुणी हक्कच सांगत नाही, म्हणून ती राहत नाही.

मग रोझी आपल्याला कळली कशी? कागदानं. चेलंगाट गोपालकृष्णन ह्यांनी डॅनियलला हुडकून त्याच्यावर लिहिलं. कुन्नुकुळी एस. मणी हा दलित पत्रकार रोझीच्या मागं लागला, म्हाताऱ्यांना विचारत फिरला, छोट्या पत्रांत लिहिलं. तेवढ्यावर तिचं नाव उभं आहे. १९९२ ला केरळ सरकारनं डॅनियलच्या नावानं इनाम सुरू केलं. २०१३ ला त्याच्यावर 'सेल्युलॉइड' नावाचा पिक्चर निघाला. रोझीच्या नावाची फिल्म सोसायटी व्हायला २०१९ उजाडलं. तिचा म्हणून जो फोटो फिरतो तो तिचाच, हे छातीठोकपणे कुणी सांगत नाही.

आणि ती कुठं चंद्रावर गेली नव्हती. तिरुवनंतपुरमपासून नागरकोइल ७० किलोमीटरच्या आतबाहेर. ती वारली १९८८ ला. तोवर आपल्या वस्त्यांत घरोघर टेप वाजत होते, १४ एप्रिलला भीमगीतांच्या कॅसेटी लागत होत्या. त्यातला एखादा टेप घेऊन कुणी तिच्या दारात गेल्याचं ऐकिवात नाही.

पण मी तरी कुणाला बोलू? त्याच वर्षांत मी आजीपुढं टेप ठेवला होता. जात्यावरच्या ओव्या, बाबासाहेबांवर तिनं स्वतः रचलेल्या. साठ मिनिटं भरली. पुढं आजी गेली, आणि एका दिवाळीला कोरी कॅसेट नव्हती म्हणून मीच तिच्यावर पिक्चरची गाणी भरली. मुद्दाम नाही. बाजू कुठली ते बघितलंच नाही. ती कॅसेट अजून माझ्यापाशी आहे. शेवटचं गाणं संपलं की फीत थोडी उरते, तेवढ्यात आजी खोकते आणि एक ओवी अर्धी म्हणते.