तीन आसनांची गाडी

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरला आधी जागेवरून उठावं लागे. गादी उचलायची, खालच्या टाकीचं झाकण फिरवायचं, पेट्रोल ओतायचं, झाकण घट्ट करायचं, गादी परत ठेवायची आणि तिच्यावर बसून निघायचं. गाडी आखूड हवी, ठेंगणी हवी, हलकी हवी, या हट्टापायी टाकी थेट ड्रायव्हरच्या खाली गेली. पुढं नागरी जीप निघाल्या तेव्हा टाकीचं तोंड पत्र्याच्या बाहेर आलं, टाकी मात्र सीटखालीच राहिली. म्हणून आजही घरच्या अंगणात कुणी अशी जुनी जीप आतून नीट करायला घेतली, की पहिला हात ड्रायव्हरच्या गादीलाच लागतो.

गादीखाली काय निघेल ते सांगता येत नाही. लाल माती, गंजाचे पापुद्रे, काथ्याचा भुगा, एखादं जुनं नाणं, कुठल्याशा कुलपाची किल्ली. जीपचा बाहेरचा रंग दर काही वर्षांनी खरवडून नवा दिला गेला. आत मात्र जुन्यावरच नवं चढत गेलं. रेक्झिनखाली रेक्झिन, त्याखाली कॅनव्हास, एका रंगाखाली दुसरा रंग. या गाडीत कोण बसलं आणि कशासाठी बसलं, याची नोंद त्यामुळं आतच शिल्लक राहिली. ती वाचायची तर १९४० पर्यंत मागं जावं लागतं.

त्या वर्षीच्या जुलैत अमेरिकी लष्करानं १३५ कंपन्यांना एका टेहळणी गाडीचं मागणीपत्र धाडलं. चारही चाकांना इंजिनाची ओढ, पुढच्या-मागच्या चाकांमध्ये फार तर ८० इंच अंतर, दुमडून आडवी होणारी पुढची काच आणि तीन आसनं, अशी ती मागणी होती. वजन १,३०० पौंड, म्हणजे जेमतेम ५९० किलो. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीनं कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावलं. त्यांनी दोन दिवसांत आराखडे काढले. नमुन्याच्या गाडीसाठी ४९ दिवसांची मुदत होती. २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मेरीलँडमधल्या होलाबर्ड तळावर पोचली, तेव्हा मुदत संपायला अर्धा तास उरला होता.

वजनाचा तो आकडा कुणालाच साधला नाही. लष्करानं पुढं मर्यादा २,१६० पौंडांपर्यंत वाढवली, तरी ओहायोतल्या टोलेडोच्या विलिस-ओव्हरलँडची गाडी तिच्याही वर जात होती. तिचं ६० अश्वशक्तीचं इंजिन सगळ्यांत दणकट होतं आणि ते सोडायची कंपनीची तयारी नव्हती. तेव्हा मुख्य अभियंते बार्नी रूस यांनी गाडीचा एकेक भाग तपासायला घेतला. बोल्टांची जादा लांबी छाटली, रंगाचा थर पातळ केला आणि गाडी मर्यादेत बसवली. हीच विलिस पुढं प्रमाण ठरली, फोर्डनंही तीच बनवली, आणि युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप रस्त्यावर आणल्या.

बोल्टाच्या टोकाचाही हिशोब झाला, तिथं बसणाऱ्याच्या सुखासाठी फारसं काही उरलं नाही. दारं नव्हती, दाराच्या जागी एक पट्टा अडकवायचा. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कॅनव्हासच्या खोळीतल्या पातळ गाद्या होत्या. तळाला नुसता पत्रा, त्यात पाणी निचरायला भोकं. मागच्या कोपऱ्यांत हत्यारांच्या पेट्या. ड्रायव्हरसमोर पाच गोल मीटर आणि जमिनीतून वर आलेले तीन दांडे: एक गिअरचा, दोन चारचाकी ओढीचे. शेजारच्या खणाच्या झाकणावर गिअर कसे टाकायचे ते सांगणाऱ्या धातूच्या पाट्या ठोकलेल्या. चिखल झाला की पाण्याचा पाइप लावून सगळी गाडी आतूनही धुता येई.

ही गाडी मुंबईत आली ती खोक्यांतून. युद्धकाळात के. सी. महिंद्र भारत सरकारच्या खरेदी मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तिथं त्यांची बार्नी रूस यांच्याशी गाठ पडली. २ ऑक्टोबर १९४५ रोजी लुधियान्यात पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. त्याच दशकाच्या अखेरीस, गोदीला लागून असलेल्या माझगावात, जहाजातून उतरलेल्या सुट्या भागांपासून विलिस जीप जोडायला सुरुवात झाली. पुढं अनेक दशकं इथल्या रस्त्यांवर जे रूप रुळलं ते सीजे-३बी या मॉडेलचं. त्याचं बॉनेट उंच, कारण नव्या इंजिनाच्या काही झडपा वरच्या अंगाला गेल्या होत्या आणि जुन्या बॉनेटखाली ते मावत नव्हतं.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि जीपला भारतात तिचं खरं काम मिळालं. गटविकास अधिकारी, बांधकाम खातं, वनखातं, आरोग्य खातं, पोलिस. जिथं बैलगाडीचीच वाट होती तिथं सरकार पहिल्यांदा पोचलं ते जीपमधून. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, तसं ‘साहेबांची जीप’ हे गावकऱ्यांच्या ओळखीचं दृश्य झालं. युद्धातल्या तीन आसनांची आता नव्यानं वाटणी झाली. पुढं डावीकडं साहेब, उजवीकडं ड्रायव्हर, मागं पट्टेवाला, फायली आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या. साहेबांच्या सीटला जाड गादी मिळाली, पाठीवर टॉवेल आला.

इथूनच जीपच्या पोटात महाराष्ट्रातल्या कारागिरांचा हात शिरला. गावोगावच्या एसटी स्टँडाजवळ, गॅरेजांच्या रांगेत, एक दुकान सीटवाल्याचं आणि बहुधा त्याचंच हूडाचं असे. मूळ कॅनव्हास उन्हापावसात कुजला की त्याच्या जागी तो रेक्झिन शिवी. हे नाव इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या कारखान्याचं. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन, त्यावर चामड्यासारखे उठाव उमटवून तिथं हे कृत्रिम चामडं बनत असे. पुढं लेप पीव्हीसीचा झाला, पण आपल्याकडं नाव रेक्झिनच राहिलं. गादीच्या पोटात काथ्या भरला जाई. नंतर रबराच्या चिकात भिजवून साच्यात दाबलेला, हवा खेळती ठेवणारा काथ्या आला. सगळ्यांत शेवटी फोम आला. आज एखाद्या जुन्या गादीची शिवण उसवली, की हे सगळे थर क्रमानं हाती लागतात.

साहेबांना नव्या गाड्या मिळाल्या. जुन्या जीप लिलावात निघाल्या आणि शेतकऱ्यांकडं, ठेकेदारांकडं, कारखान्यांकडं गेल्या. काहींना पुढं वेगळाच जन्म मिळाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात प्रवासी भरून धावणाऱ्या गाडीला ‘वडाप’ म्हणतात. मराठवाड्यात आणि विदर्भात ‘काळी-पिवळी’. लांब चाशीच्या जीप, आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स, नंतरच्या कमांडर, अशा गाड्या या धंद्यात होत्या. एसटीची फेरी जिथं दिवसातून एकदा, तिथं वडापनंच बाजार, दवाखाना आणि कॉलेज गाठलं गेलं.

वडापमध्ये आतली सगळी मांडणी बदलली. मागच्या चाकांवरच्या पत्र्याला बोल्ट मारून समोरासमोर लांब बाक बसवले. पुढच्या दोन सीटांमधली फट गादीनं भरली. ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला माणसं, उजव्या अंगालाही एक. तो स्वतः तिरका बसून, अर्धा बाहेर लोंबत, कुणाच्या तरी गुडघ्यांमधला गिअर टाकत असे. मधल्या प्रवाशाचे पाय कुठं ठेवायचे ते गिअर ठरवी. तिसऱ्या गिअरला सरकून घ्यायचं, हे नेहमीच्या प्रवाशांना सांगावं लागत नसे. छतावर भाजीच्या पाट्या, मागच्या पायरीवर लटकलेली पोरं. गाद्यांची झीज पाहिली तरी ही बसण्याची रीत कळते: ड्रायव्हरच्या सीटची एकच कड दबलेली असते आणि बाकाचं टोक घासून पांढरं पडलेलं असतं.

आज अशी गाडी घरी आणणाऱ्याची या साऱ्याशी गाठ पडते. पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला नाही तर चोरबाजारात सुटे भाग मिळतात. पण आतलं काम बरंचसं घरीच, रविवार-रविवार करत होतं. जाणती माणसं स्क्रूला हात लावण्याआधी फोटो काढून ठेवतात आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डबीत, डबीवर चिठ्ठी लावून ठेवतात. मग सीट निघतात, मग टाकी. टाकीची गोष्ट गंभीर आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. टाकीला वेल्डिंग करायचं काम म्हणूनच घरचं नव्हे.

टाकी निघाली की तळाचा पत्रा उघडा पडतो, आणि गाडीचं खरं दुखणं बहुधा तिथंच असतं. युद्धकाळातल्या जीपमध्ये तळाखालच्या पोकळ आधारपट्ट्यांत लाकूड भरलेलं असे. ते ओल धरी आणि पट्टी आतून खाई. नंतरच्या मालकांनी हौसेनं अंथरलेल्या गालिच्यांनी आणि रबरी चटयांनी वरच्या बाजूनं तेच केलं: निचऱ्याची भोकं बुजली, पाणी साचलं. कोकणातल्या गाड्यांमध्ये पाय ठेवावा तर पत्र्याची चाळण झालेली असते. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडायचा, रेड ऑक्साइड मारायचं, भोकं पुन्हा मोकळी करायची. रंग घासताना पॉलिश पेपर पाण्यात भिजवूनच वापरावा लागतो आणि तोंडाला मास्क लागतो, कारण जुन्या रंगात शिसं असतं. याच घासण्यात थर दिसू लागतात. वर वडापचा रंग, खाली सरकारी खात्याचा, त्याखाली कारखान्याचा, आणि एखाद्या गाडीत सगळ्यांत खाली लष्करी हिरवा.

सीटचं काम सगळ्यांत जास्त धीर मागतं. जुनी खोळ फाडायची नसते, टीपेटीपेनं उसवायची असते, कारण तोच नव्या खोळीचा फर्मा. प्रत्येक तुकड्यावर खडूनं आकडा घालायचा, शिवण जुळवायच्या जागी खूण करायची. रेक्झिनला टाचण्या चालत नाहीत. सुईचं भोक एकदा पडलं की बुजत नाही. म्हणून चुकलेली टीप उसवून पुन्हा मारता येत नाही, आणि फार जवळजवळ टाके घातले तर शिवण पोस्टाच्या तिकिटासारखी फाटते. पायपिंगच्या जागी रेक्झिनचे चार पदर एकत्र येतात. तिथं घरच्या मशीनची सुई मोडते, तेवढ्या टिपा सीटवाल्याकडच्या जड मशीनवर माराव्या लागतात. सांगाड्याच्या स्प्रिंगांवर गोणपाट दाभणानं आणि सुतळीनं टाचायचं, त्यावर काथ्या, त्यावर पातळ फोम. खोळ चढवण्याआधी रेक्झिन तासभर उन्हात ठेवलं की मऊ पडतं आणि सुरकुती न पडता ताणलं जातं.

हूडाची रीत उलटी. सुती कॅनव्हास पहिल्या पावसात आटतो, म्हणून तो किंचित सैलच शिवावा लागतो. दोराही सुतीच चांगला. भिजला की फुगतो आणि सुईची भोकं आपोआप बंद करतो. ओला हूड घडी करून ठेवला तर आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके उठतात. टिचबटणं, बकलं, आयलेट हे सगळं हातानं ठोकायचं असतं, आणि एक बटण अर्ध्या इंचानं चुकलं तर सगळी बाजू तिरकी दिसते.

आणि मग प्रश्न येतो की गाडी नेमकी कोणत्या काळाची करायची. कायद्याचं लक्ष मूळ रूपाकडं आहे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये, कंपनीनं दिलेल्या मूळ स्वरूपात मनमानी बदल करता येत नाहीत, असा निकाल दिला. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, आणि गाडी रोजच्या वापरासाठी नाही. चाशी, पत्र्याचा सांगाडा आणि इंजिन मूळचं असलं पाहिजे, हे त्यातून स्पष्ट होतं. पण गादीत काथ्या की फोम, खोळ कॅनव्हासची की विटकरी रेक्झिनची, हे ठरवणं शेवटी घरच्या माणसाच्याच हाती उरतं. काही जण युद्धातली हिरवी, उघडीवाघडी जीप परत आणतात. काहींना वडिलांच्या खात्यातली, पांढऱ्या पायपिंगची सीट हवी असते. दोघांचंही काम खरं आहे, कारण त्या गाडीनं ते दोन्ही दिवस पाहिलेले असतात.

जुनं सगळं पुसायचं ज्यांच्या मनाला येत नाही, ते मागच्या चाकांवरच्या पत्र्यातली वडापच्या बाकांची भोकं बुजवत नाहीत. पाणी वर येऊ नये म्हणून रबरी बुचं तेवढी बसवतात. नवी गादी सांगाड्यावर घट्ट बसली, की उसवलेली जुनी खोळ धुऊन, सावलीत वाळवून, खडूच्या आकड्यांसकट घडी करतात आणि मागच्या हत्यारांच्या पेटीत ठेवून देतात. पुढच्या खेपेला शिवायला बसणाऱ्याला फर्मा तिथंच मिळतो.