दंड सर्वांना, दोष कोणाचा?

फुटबॉलच्या इतिहासात काही सामने त्यांतील गोलांमुळे स्मरणात राहतात, तर काही त्यांतील अपकृत्यांमुळे. ४ नोव्हेंबर १९६७ रोजी उरुग्वेची राजधानी मोंतेविदेओ येथे झालेला सामना दुसऱ्या प्रकारचा होता. युरोपचा विजेता सेल्टिक आणि दक्षिण अमेरिकेचा विजेता रेसिंग यांच्यातील या लढतीत पंचांनी सहा खेळाडूंना मैदानाबाहेर जाण्याचा हुकूम दिला. त्यांतील चौघे सेल्टिकचे होते. संघ ग्लासगोला परतल्यावर क्लबने आपल्या प्रत्येक खेळाडूला २५० पौंडांचा दंड ठोठावला. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. क्लबने स्वतःच्याच खेळाडूंना अशी शिक्षा द्यावी, ही गोष्ट व्यावसायिक खेळात विरळा. परंतु या दंडामागे एक प्रश्न उभा राहतो. खेळाडूचा तोल सुटतो तेव्हा त्याची जबाबदारी कोठपर्यंत जाते? ती त्याच्या पायापाशीच थांबते, की त्याला मैदानात धाडणाऱ्या प्रशिक्षकापर्यंत पोहोचते?

सेल्टिककडून या बाबतीत अधिक अपेक्षा बाळगली जात असे, आणि त्याला कारण होते. हा क्लब मुळात परोपकारातून जन्मलेला आहे. आयर्लंडच्या स्लायगो परगण्यात १८४० साली जन्मलेले अँड्र्यू केरिन्स हे मारिस्ट संघात ब्रदर वॉलफ्रिड या नावाने ओळखले जात. ग्लासगोच्या पूर्व भागात ते शाळेचे मुख्याध्यापक होते. दुष्काळ आणि दारिद्र्य यांमुळे मायभूमी सोडून आलेल्या आयरिश कॅथलिक कुटुंबांची तेथे दाट वस्ती होती. उपाशीपोटी शाळेत येणाऱ्या मुलांसाठी तेथे गरिबांची भोजनालये चालविली जात. सेंट मेरी, सेक्रेड हार्ट आणि सेंट मायकल या धर्मग्रामांतील सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेच्या शाखांना या कार्यासाठी पैसा मिळावा, या हेतूने ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहात फुटबॉल क्लब स्थापन झाला. दशकभरातच, १८९७ साली, त्याची मर्यादित कंपनी झाली आणि धंद्याचे हिशेब सुरू झाले. तरीही त्या भोजनालयांची आठवण क्लबच्या नावाला चिकटून राहिली. अशा घराण्यातील मुलाने गल्लीत मारामारी केली, तर लोक त्याला त्याच्या आजोबांची आठवण करून देतात. सेल्टिकचेही तसेच झाले.

१९६५ च्या मार्चमध्ये जॉक स्टीन या क्लबचे मॅनेजर, म्हणजेच मुख्य प्रशिक्षक झाले. ते पूर्वी कोळशाच्या खाणीत काम केलेले, पुढे सेल्टिकचे कर्णधारपद भूषविलेले आणि धर्माने प्रोटेस्टंट होते. कॅथलिक परंपरेच्या या क्लबची धुरा कॅथलिक नसलेल्या माणसाच्या हाती प्रथमच जात होती. दोनच वर्षांत, २५ मे १९६७ रोजी, लिस्बन येथे त्यांच्या संघाने इटलीच्या इंटर मिलानला २-१ असे हरवून युरोपियन कप जिंकला. तो मान मिळविणारा हा पहिला ब्रिटिश संघ होता. संघातील झाडून सारे खेळाडू ग्लासगोच्या तीस मैलांच्या परिसरात जन्मलेले होते. त्यांचा खेळ धाडसी, मोकळा आणि प्रसन्न होता.

याच संघाची पाच महिन्यांनी रेसिंगशी गाठ पडली. १८ ऑक्टोबरला ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर सेल्टिकने १-० असा विजय मिळविला. कर्णधार बिली मॅकनील याने डोक्याने गोल केला. परंतु प्रतिस्पर्ध्यांचे धक्के, लाथा आणि डिवचणे पाहून यजमान थक्क झाले होते. १ नोव्हेंबरला ब्यूनस आयर्सलगतच्या आवेयानेदा येथे दुसरा सामना झाला. तो सुरू होण्यापूर्वीच प्रेक्षकांतून आलेली वस्तू लागून सेल्टिकचा गोलरक्षक रॉनी सिम्पसन जखमी झाला आणि त्याच्या जागी जॉन फॅलन उतरला. रेसिंगने तो सामना २-१ असा जिंकला. निर्णय तिसऱ्या सामन्यावर गेला.

येथे इतिहासाने दोन वाटा समोर ठेवल्या होत्या. क्लबचे अध्यक्ष रॉबर्ट केली यांचा कल तेथूनच मायदेशी परतण्याकडे होता. स्टीन यांना मात्र खेळायचे होते. सामन्यापूर्वी त्यांनी जे जाहीरपणे सांगितले त्याचा आशय असा, की आता सौजन्याची वेळ संपली असून गरज पडल्यास आम्हीही कठोर होऊ शकतो. संतापलेल्या माणसाच्या तोंडी हे शब्द अस्वाभाविक नाहीत. परंतु प्रशिक्षकाचे शब्द खेळाडूंच्या कानी पडतात तेव्हा ते केवळ मत राहत नाही. त्याला अनुज्ञेचे रूप येते.

मोंतेविदेओत त्या अनुज्ञेचे फळ दिसले. पॅराग्वेचे पंच रोडोल्फो पेरेस ओसोरिओ यांनी रेसिंगच्या बासिले व रुल्ली यांना, तर सेल्टिकच्या लेनॉक्स, जॉन्स्टन, ह्यूज आणि ऑल्ड यांना बाहेर काढले. त्या काळी पिवळी आणि लाल कार्डे नव्हती. ती १९७० च्या विश्वचषकापासून आली. सारा व्यवहार हातवाऱ्यांचा आणि परक्या भाषेचा. लेनॉक्सला तर भलत्याच्याच अपराधासाठी काढले गेले, असे मानले जाते. ऑल्डने बाहेर जाण्याचे साफ नाकारले आणि तो अखेरपर्यंत मैदानातच राहिला. बचावपटू टॉमी गेमेल याने पंचांची पाठ वळलेली पाहून एका प्रतिस्पर्ध्याला लाथ मारली. पंचांना ती दिसली नाही, पण चित्रफितीने टिपली. कार्देनासच्या एकमेव गोलावर रेसिंग जगज्जेता ठरला.

आता त्या दंडाकडे पुन्हा पाहू. लाथ मारणारा गेमेल, हुकूम न मानणारा ऑल्ड, विनाकारण बाहेर गेलेला लेनॉक्स आणि गोलपोस्टमध्ये उभा असलेला फॅलन या साऱ्यांना शिक्षा एकच, २५० पौंड. क्लबने दोष मान्य केला, प्रतिस्पर्ध्यांच्या अपराधाआड तो लपला नाही, हे निश्चितच मोठेपणाचे होते. परंतु सर्वांना सारखा दंड म्हणजे न्याय नव्हे. त्यात अपराधी आणि निरपराध एका मापाने मोजले जातात. आणि जाहीर झाली ती शिक्षा खेळाडूंची होती, त्यांना त्या मनःस्थितीत मैदानात उतरविणाऱ्यांची नव्हे. मिस्साबलिदानाच्या आरंभी आपण पापांगीकार करतो तेव्हा केवळ कृतीचीच नव्हे, तर शब्दांची आणि कर्तव्यात केलेल्या कसुरीचीही कबुली देतो. त्या कसोटीवर प्रशिक्षकाचा हिशेब अपुराच राहिला.

या प्रश्नाची दुसरी बाजू दोन वर्षांनी दिसली. अर्जेंटिनातील ला प्लाता शहरचा एस्तुदियान्तेस हा संघ ओस्वाल्दो सुबेल्दीया या प्रशिक्षकाच्या हाताखाली नावारूपाला आला होता. सुबेल्दीया अभ्यासू होते. डावपेचांवर त्यांनी ग्रंथ लिहिला होता. ऑफसाइडचा सापळा, कॉर्नर व फ्री किकच्या ठरावीक चाली यांची ते कसून तालीम घेत. सरावातील शिस्त पाहिली तर त्या काळातील मोजक्याच संघांना ती साधली असेल. या संघाने १९६८ साली मँचेस्टर युनायटेडला हरवून जगज्जेतेपदही मिळविले.

२२ ऑक्टोबर १९६९ रोजी ब्यूनस आयर्समध्ये त्यांचा सामना ए. सी. मिलानशी होता. मिलानच्या बाजूने खेळणारा नेस्तोर कोम्बिन हा जन्माने अर्जेंटिनाचा, पण फ्रान्सतर्फे खेळलेला. आगिरे स्वारेस या बचावपटूने कोपर मारून त्याचा चेहरा रक्तबंबाळ केला. गोलरक्षक पोलेत्तीने मिलानच्या खेळाडूंवर हात उगारला. कहर म्हणजे, लष्करी सेवा चुकविल्याच्या आरोपावरून जखमी कोम्बिनलाच पोलिसांनी ताब्यात घेतले; नंतर त्याला सोडण्यात आले. जगभर छी-थू होताच लष्करी राज्यकर्ते जनरल ओंगानिया यांनी पोलेत्ती, आगिरे स्वारेस व मानेरा यांना तुरुंगात धाडले. पोलेत्तीवर आजीवन बंदी आली. ती पुढे उठली. प्रशिक्षक मात्र आपल्या जागी राहिले आणि १९७० साली संघाने दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद पुन्हा मिळविले.

येथे शिस्त या शब्दाचे दोन अर्थ स्पष्ट होतात. एक शिस्त विजयासाठी असते. ती वेळेवर उठविते, धावविते, शंभर वेळा एकच चाल घोटून घेते. दुसरी शिस्त माणसासाठी असते. समोरचा प्रतिस्पर्धी हाही माणूस आहे आणि विजयाहून त्याचे हाड मोलाचे आहे, हे ती शिकविते. पहिली साधली म्हणजे दुसरी आपोआप येते, हा भ्रम आहे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात स्पर्धेत धावणाऱ्यांच्या संयमाचा दाखला दिला आहे. पण त्याचा रोख नाशवंत मुकुटाकडे नाही, हे विसरून चालत नाही.

योगायोग असा, की त्याच २२ ऑक्टोबरच्या दिवशी हॅम्बुर्ग येथे पश्चिम जर्मनी व स्कॉटलंड यांचा विश्वचषक पात्रता सामना होता. स्कॉटलंड ३-२ असे हरले. सामना संपत आला असता हेल्मुट हालर या जर्मन खेळाडूने पाडल्याच्या रागात एका स्कॉटिश बचावपटूने त्याचा पाठलाग करून लाथ मारली. तो बचावपटू म्हणजे मोंतेविदेओचा तोच टॉमी गेमेल. या वेळी पंचांनी पाहिले आणि त्याला बाहेर काढले.

गुन्हा सेल्टिकच्या पोशाखात घडला नव्हता. तीनच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, सेंट जॉन्स्टनविरुद्ध लीग कपचा अंतिम सामना होता. लिस्बनमध्ये बरोबरीचा गोल करणाऱ्या या नामांकित खेळाडूला वगळणे सोपे नव्हते. स्टीन यांनी त्याला वगळले. सेल्टिकने सामना १-० असा जिंकला, आणि तो गोल केला बर्टी ऑल्डने. १९६७ साली स्टीन यांच्या हातून जे सुटले होते, ते त्यांनी येथे सावरले असे म्हणता येईल. दंड सरसकट नव्हता; अपराध ज्याचा, शिक्षा त्याला. शिवाय प्रशिक्षकाने स्वतःच्या विजयाची शक्यता पणाला लावली होती.

तरीही एक उणीव राहिली. आपण खेळणार नाही हे गेमेलला सामना अगदी तोंडावर आला असता कळले. निर्णयापेक्षा ही रीत त्याला अधिक लागली आणि त्याने क्लब सोडण्याची परवानगी मागितली. समोरासमोर बसून दिलेली शिक्षा सुधारणेला वाव देते. आडून दिलेली शिक्षा केवळ अपमान करते. पुढे गेमेल संघात परतला आणि १९७० च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात फेयेनूर्दविरुद्ध त्याने गोलही केला. परंतु १९७१ च्या अखेरीस तो नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे गेला.

स्टीन यांना माणसे कळत नव्हती असे मात्र नव्हे. मोंतेविदेओत बाहेर काढलेल्या जिमी जॉन्स्टनला विमानप्रवासाची धास्ती होती. नोव्हेंबर १९६८ मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टारशी ग्लासगोत सामना होता आणि परतीच्या सामन्यासाठी विमानाने जावे लागणार होते. मध्यंतराला १-१ अशी बरोबरी असता स्टीन यांनी जॉन्स्टनला शब्द दिला, की चार गोलांच्या फरकाने जिंकलो तर तुला यावे लागणार नाही. सेल्टिकने ५-१ असा विजय मिळविला आणि स्टीन यांनी शब्द पाळला. खेळाडूचे भय जाणणारा प्रशिक्षक त्याच्या रागालाही ओळखू शकतो. तो ओळखणे आणि वेळीच आवरणे, हीच त्याची खरी जबाबदारी.

१० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफ येथे स्कॉटलंडचा सामना चालू असता स्टीन कोसळले आणि त्यांचा अंत झाला. त्यानंतर खेळाचे नियम बरेच पुढे गेले. २०१९ पासून प्रशिक्षकालाही पंच पिवळे वा लाल कार्ड दाखवू शकतात. राखीव बाकाच्या परिसरात कोणी अपराध केला आणि अपराधी नेमका कोण हे कळले नाही, तर शिक्षा तेथील ज्येष्ठ प्रशिक्षकाला होते. मोंतेविदेओत जो प्रश्न अनुत्तरित राहिला, त्याचे निदान अर्धे उत्तर तरी नियमांनी दिले आहे. ज्याच्या हाती अधिकार, त्याच्या माथी दोष.

उरलेले अर्धे उत्तर कोणत्याही नियमपुस्तकात बसणारे नाही. सुट्टीच्या दिवशी धर्मग्रामाच्या मैदानावर मुलांचा संघ घेऊन उभा राहणारा तरुणही त्या क्षणी कोणाचा तरी प्रशिक्षक असतो. ‘सोडू नकोस त्याला’ हे त्याच्या तोंडून सहज निघणारे शब्द मुलाच्या पायात उतरतात. ब्रदर वॉलफ्रिड यांनी भुकेल्या मुलांना जेवू घालण्यासाठी फुटबॉलची मदत घेतली. खेळाला मुलांपेक्षा मोठे करण्याचा त्यांचा हेतू कधीच नव्हता.