गाडी बाजूला घ्या

बांद्याच्या आमच्या घरात जुनी माणसं अंतर मैलांत सांगत नसत, नाक्यांत सांगत. आजरा एक नाका. पणजी दोन नाके. मडगाव आजोबांच्या तरुणपणी दोन नाके आणि दोन सरकारं. सरकार ही वस्तू त्यांना पहिल्यांदा दिसली ती ट्रंक उघडायला लावणाऱ्या माणसाच्या रूपात.

आजोबा बेळगावात एका पेढीवर कारकून होते. बहीण मडगावला दिलेली. तिला भेटायला ते रेल्वेने जात. कॅसलरॉकला आपले कस्टमवाले डब्यात चढत, मग गाडी घाट उतरून कुळ्याला आली की पोर्तुगीजांचे. त्याच ट्रंकेची दोन वेळा उलथापालथ व्हायची. एकदा आजीने बेसनाचे लाडू मराठी वर्तमानपत्रात बांधून दिले होते. कुळ्याच्या शिपायाने पुडकं सोडलं, लाडू आजोबांच्या ओंजळीत ठेवले आणि कागद तेवढा काढून घेतला. सालाझारच्या राज्यात छापलेल्या मजकुराची दहशत होती. पुढचा सगळा प्रवास आजोबांनी ओंजळ धरून केला. हे सांगताना ते अजूनही लाडू हातात असल्यासारखे तळवे जोडत.

15 ऑगस्ट 1955 ला आमच्या घरापासून काही मैलांवर पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर भारताने सीमा बंद केली, रेल्वेही थांबली. मधल्या काळात बहिणीचे यजमान वारले. आजोबांना जाता आलं नाही. बहिणीची भेट झाली ती डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावरच. त्या सहा वर्षांबद्दल आजोबा कुणाला शिव्या देत नसत. सीमा म्हटलं की माणसाने गप्प राहायचं, हे मात्र त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवलं, आणि माझ्या मते ते शिकवायला नको होतं.

आत्याची गोष्ट वेगळी, कारण ती गप्प राहिली नाही.

1964 पासून राज्यात ज्वारी आणि भाताची एकाधिकार खरेदी सुरू झाली. शेतकऱ्याने लेव्ही घालायची, धान्य सरकारने उचलायचं, आणि एका जिल्ह्यातलं धान्य परवान्याशिवाय दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचं नाही. टंचाई खरी होती, हेतूही वाईट नव्हता. पण त्या नियमाने आमच्या आत्याला चोर ठरवलं. तिचं सासर आजऱ्याकडे, जिल्हा कोल्हापूर. माहेर बांदा, तेव्हा जिल्हा रत्नागिरी. मध्ये आंबोलीचा घाट. दुष्काळाच्या त्या वर्षांत चतुर्थीला माहेरी येताना मोदकांसाठी पायलीभर घनसाळ तांदूळ आणायचा, तर तो तान्ह्या मुलाच्या दुपट्याखाली.

घाटमाथ्यावर एसटी थांबली. बाहेर धो धो पाऊस. दोन पोलीस आत आले, थोरला हवालदार आणि एक कोवळा शिपाई. अर्धी चड्डी, पिंढऱ्यांवरून पाणी ओघळतंय. हवालदाराने बॅटरी मारत एकेक पिशवी हातातल्या काठीने टोचायला सुरुवात केली. पुढच्या बाकावरच्या एका बाईने तांदूळ कमरेला बांधले होते. तिला त्याने उभं केलं आणि सगळ्यांसमोर ओटी सोडायला लावली. तांदूळ एसटीच्या ओल्या फळ्यांवर सांडले. बाई खाली बसून ते गोळा करायला लागली, तर त्याने पायाने बाजूला सारले.

आत्या उठून म्हणाली, "तांदूळ घे, पण तिका हात लावू नको." सगळी एसटी तिच्याकडे बघत राहिली. कंडक्टर म्हणाला, "बाई, बसा खाली, उशीर होतोय." शिपाई तेवढ्यात आत्याच्या बाकापाशी आला होता. त्याने दुपट्यावर हात ठेवला. हाताला काय लागलं ते त्याला कळलंच असणार. "इथं काही नाही साहेब," तो म्हणाला आणि पुढे गेला.

आत्याने हवालदाराला कधी माफ केलं नाही. शिपायाबद्दल मात्र ती अजून म्हणते, "तेच्या घराक पण मिलोच शिजत आसतलो." रेशनवरची ती तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्लीय त्यांना या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

स्त्रीची झडती घ्यायची तर स्त्रीनेच, सभ्यता पाळून, हे अटकेतल्या बाईच्या बाबतीत 1898 च्या फौजदारी संहितेतच लिहिलेलं होतं. म्हणजे अटकेत असलेल्या आरोपी बाईला जी राखण होती, ती मोदकाचे तांदूळ नेणाऱ्या बाईला घाटात मिळाली नाही. आणखी एक कलम मला नेहमी अस्वस्थ करतं. 1872 च्या साक्षीपुराव्याच्या कायद्याने ठरवलं की पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात पुरावा धरायचा नाही. 1902-03 च्या फ्रेझर आयोगानेही पोलीस खातं भ्रष्ट आणि जुलमी असल्याचं लिहून ठेवलं. ज्यांच्यावर खुद्द कायद्याचा भरवसा नव्हता, त्यांच्याच हाती रस्त्यावरची झडती सोपवलेली होती.

दुसरी बाजू मला मावसकाकांनी सांगितली. ते मुंबईत शिपाई होते, राहायला नायगावच्या पोलीस वसाहतीत. नाकाबंदीला उभं राहिलं की बारा-बारा तास बसायला जागा नाही, लघवीला आडोसा नाही, आणि गाडीतला माणूस काच खाली करण्याआधीच खिशात हात घालणार. "लोकच नोट पुढं करत, आम्ही मागायच्या आधी," ते म्हणत. घेतली का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईच्या पोलिसांनी पगार आणि संघटनेच्या हक्कासाठी बंड केलं, ते मोडून काढलं गेलं, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. काकांची वाचली. त्यानंतर त्यांचं बोलणंच कमी झालं.

गोवा मुक्त झाल्यावर आमच्या बाजूच्या नाक्यांना नवं काम मिळालं ते बाटल्यांचं. 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे पलीकडे राजरोस मिळणारी फेणी अलीकडे गुन्हा होती. पोटदुखीवर घरात ठेवायची छोटी बाटलीसुद्धा पदराखाली यायची. वर्षानुवर्षं नाक्यावरच्या माणसाची नजर तांदूळ आणि बाटल्या शोधण्यात तयार झाली, आणि हात चिरीमिरी घ्यायला.

त्याची किंमत काय, ते 1993 ने दाखवलं. जानेवारीत रायगडच्या किनाऱ्यावर दिघीला शस्त्रं उतरली, फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स. किनाऱ्यावर राखणीला कस्टम होतं, रस्त्यावर पोलीस होते. त्यांच्यातल्या काहींनी पैसे घेऊन माल जाऊ दिला, हे पुढे न्यायालयात सिद्ध झालं आणि त्यांना शिक्षा झाल्या. 12 मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. वडील तेव्हा फोर्टात नोकरीला होते. स्टॉक एक्स्चेंजजवळच्या फुटपाथवर पाहिलेलं त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "पायलीभर तांदूळ सापडायचे यांना."

मला हे वाक्य खरं वाटतं आणि अपुरंही. कारण मुंबईवर हल्ला झाला त्या 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीच होती. वायरलेसवर हल्लेखोरांच्या स्कोडा गाडीची खबर आलेली. गाडी अडथळ्यापाशी थांबली, आणि साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे हाती काठी असताना रायफलीच्या तोंडाशी गेले. नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, सोडली नाही. हल्लेखोर कसाब जिवंत सापडला तो त्यामुळे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. मावसकाका त्या वेळी निवृत्त होऊन गावी आले होते. टीव्हीपुढे बसून ते मोठ्याने रडले. इतक्या वर्षांत त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. मला हा नियम मोलाचा वाटतो, नागरिकासाठी आणि सरळ वागणाऱ्या शिपायासाठीही. पण तो मागणारा माणूस गाडीत हवा. गेल्या वर्षी माझी पुतणी पणजीहून बसने येत होती. सीमेवर तपासणी सुरू झाली. तिची बॅग उघडायला आलेल्या माणसाला तिने बॅग दिली, पण अंग चाचपायचं असेल तर महिला कर्मचारी बोलवा, म्हणाली. तो म्हणाला, "थांबा, बोलावतो." बाई यायला वेळ लागला. तोवर बसमधली माणसं पुतणीवरच करवादत होती. कुणाची पुढची गाडी चुकणार होती, कुणी म्हणालं, एवढं काय लपवायचंय. ती बाई येईपर्यंत दारात उभी राहिली. आत्याला हे कळलं तेव्हा तिने पुतणीला फोन लावला आणि बराच वेळ बसमधल्या माणसांनाच शिव्या दिल्या.