शोधणारा आणि विकणारा

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि थोड्याच अवधीत आकाशवाणीवरील चित्रपटगीते जवळजवळ बंद पडली. शास्त्रीय संगीत घरोघर पोहोचावे हा त्यांचा हेतू उदात्त होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु श्रोता मंत्र्यांशी वाद घालीत बसला नाही. त्याने रेडिओची खुंटी फिरविली, एवढेच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि गाण्यांच्या सोबतीने टूथपेस्टची जाहिरात समुद्रापलीकडून येऊ लागली. १९५७ मध्ये विविध भारती निघाली खरी. पण तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, मुंबई, पुणे व नागपूर येथून. श्रोता वळल्यानंतर आकाशवाणीवरील जाहिरातीला त्याच्या मागे यावयास पंधरा वर्षे लागली.

नागपूरच्या उत्तरेस, सौंसर तालुक्यात, लोधीखेडा हे गाव आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, लोधीखेडा मध्य प्रदेशातच राहिले. घरची भाषा मराठी आणि कचेरीची हिंदी, असा येथील व्यवहार. रेडिओच्या लहरींना ही सीमा आडवी आली नाही. शोधयंत्रावरील जाहिरातीला मात्र ती येते, कारण या जाहिरातीचा सारा डोलारा शोधणाऱ्याच्या शब्दावर उभा आहे.

१९९८ मध्ये अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या कंपनीने शब्दांचा लिलाव मांडला. कोणी ‘रोपे’ असा शब्द शोधला, तर ज्याची बोली अधिक त्याचे नाव वर. आणि पैसे द्यावयाचे ते गिऱ्हाइकाने नावावर बोट ठेवले तरच. गूगलने २००० मध्ये जाहिराती घेण्यास आरंभ केला व २००२ मध्ये लिलावाची पद्धत स्वीकारली. तीत बोलीच्या जोडीला, लोक त्या जाहिरातीकडे प्रत्यक्षात किती वळतात, हेही मोजले जाऊ लागले. गीतमालेतील टूथपेस्ट हवी असणाऱ्याच्या कानी पडे, तशीच नको असणाऱ्याच्याही. येथे विचारील त्यालाच उत्तर.

आता विचारण्याची रीतच पालटली आहे. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि २०१७ मध्ये गूगलला मराठी बोलणे कळू लागले. टंकताना माणूस दोन शब्दांत आटोपतो, बोलताना पुरे वाक्य बोलतो. संत्र्याच्या झाडावर डिंक्या आला, तर म्हातारा बागायतदार मोबाईलला विचारील, ‘बुंध्यातून डिंक गळते, काय लावावं?’ हिंदी शाळेत शिकलेला त्याचा मुलगा तेच हिंदीत विचारील. ज्या औषध-दुकानदाराने केवळ इंग्रजी शब्दांवर बोली लावली, त्याला हे दोघेही भेटत नाहीत. शिवाय अनेकजण शोधयंत्राकडे जातच नाहीत. यूट्यूबवर दुसऱ्या शेतकऱ्याने बोर्डो मलम कसे लावले, ते पाहून मोकळे होतात. डोळ्यांनी पाहिलेल्यावर शेतकऱ्याचा विश्वास अधिक, यात नवल काय?

ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगल काही प्रश्नांचे उत्तर स्वतःच जुळवून सर्वांत वर मांडू लागले. ज्या रोपवाटिकेने कलमांची माहिती कष्टाने लिहिली, तिची माहिती यंत्र वाचते. पण विचारणाऱ्याला उत्तर वरच मिळाले, तर तो तिच्या दारापर्यंत येतोच असे नाही. सिलोनच्या काळी श्रोता निघून गेला होता. येथे मधल्या दलालानेच त्याला आपल्या ओसरीवर थांबवून घेतले आहे. लहान विक्रेत्यास हा फरक फार जड जाणार.

मोठ्या जाहिरातदारांना तितके थांबावे लागले नाही. अमेरिकेत अशी उत्तरे मे २०२४ मध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि ऑक्टोबरात त्याच उत्तरांमध्ये जाहिराती येऊन बसल्या. लोधीखेड्याकडील संत्र्याचा बगीचा मात्र व्यापारी अजून झाडाखाली उभा राहून, बहार डोळ्यांनी पाहूनच घेतो.